सोयरीक

कार्तिकात कोयते येतात माझ्याकडं, पोत्यात भरून.
तेवढे महिने चाक बोलतं, मी गप्प.
बाकीचं वर्ष कात्र्या, सुऱ्या, न्हाव्यांचे वस्तरे,
आणि उपळेकर.

उपळेकर भर दुपारी येतो,
मिरजेतली दुकानं जेवून कलंडतात तेव्हा.
काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली
कुणाची तरी तलवार:
खटावातल्या माळ्यावरची, नाहीतर कणगीमागची,
दसऱ्याला तेवढं कुंकू लागलेली.
साधी. अगदीच साधी.
"अशी कोण घेणार, दस्तगीर?
हिला जरा खानदान पाहिजे."

खानदान द्यायला मला नऊ दिवस लागतात.

आधी पोलादावर रेघा, आडव्या, मग उभ्या,
इतक्या दाट, की बोट फिरवावं
तर मांजर चाटल्यागत खरखरतं.
मग तार. केसाएवढी, चोवीस कॅरटची
(सोन्यात उपळेकर कधी फसवत नाही),
ती त्या दातऱ्यांत ठोकत न्यायची,
झोपल्या पोराला थोपटावं इतक्या हलक्या हातानं.
वरून अकीकाचा घोटा.
वेल, कमळ, मुठीपाशी सूर्य,
आणि एक नाव,
जे चिठ्ठीवर येतं आणि चिठ्ठीबरोबर परत जातं.
शेवटी चिंचेचं पाणी, मीठ, गवरीची राख;
आणि दोन ठिकाणी सोनं आपणच खरवडायचं.
अख्खं सोनं कुणाला खरं वाटत नाही.

भिंतीपलीकडं तंबोऱ्याची जवारी काढतात.
एकच तार तासन् तास छेडत बसतात,
खरी वाजेपर्यंत.

या धोपेच्या मुठीखाली सात टिंबं होती.
अब्बा सांगायचे, आपली माणसं
धार लावली की एक टिंब टोचायची.
म्हणजे सात वेळा कुणीतरी हिला
बोथट होईतो वापरलं होतं.
उपळेकराला म्हटलं.
तो म्हणाला, "तिथंच सूर्य बसव."
बसवला.

चार महिन्यांनी धोप परत आली.
साताऱ्याच्या गिऱ्हाइकानं
कुणा भिंगवाल्याला दाखवली होती.
तो म्हणे एवढंच बोलला: काम ताजं आहे.
मग सगळीच खोटी ठरली,
पातं, मूठ, टोकाकडचे तीन खांडे,
खटाव, कणगी, कुंकू.

मी रात्रभर हिशोब मांडत बसलो.
सोनं खरं होतं.
लोखंड तर त्याहून खरं.
खोटी होती ती दोघांची सोयरीक,
आणि भटजी मी.

सोनं उतरवलं. कागदावर झाडलं, तोललं,
गुंजभर कमी भरलं ते मजुरीतनं गेलं.
"लोखंड राहू दे तुझ्याकडं," उपळेकर म्हणाला,
"भंगारात घाल."

आता मुठीखाली नुसता रेघांचा माळ.
टिंबं शोधली. डोळ्यांना नाही, नखाला लागली,
पाच. सहावं असेल, नसेल.
सातवं मीच गिळलं.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी धार लावली.
चाकाखाली ठिणग्या उडाल्या तशा
कोयत्याच्याही उडतात.
मग पोगर घेतला हातात. हातोडी घेतली.
टिंब टोचायचा हक्क होता, धार तर खरी होती.
पण माझा हात आता
जुन्यासारखं टिंब काढायला शिकलाय,
नुसतं टिंब काढायचं विसरलाय.
पोगर ठेवून दिला.

परवा कोयत्यांचं पोतं घेऊन बाई आली एक,
बीडकडची, कडेवर पोर.
कोपऱ्यात धोप पाहिली, किंमत नाही विचारली,
कुणाची, कधीची, तेही नाही.
अंगठा पात्यावर आडवा फिरवून म्हणाली,
"कापती का ही?"

एवढ्या वर्षांत या दुकानात
हे कुणी विचारलंच नव्हतं.